लिव्हरपूलचा भाव

"जर्मनीकडं किती अन् विलायतेकडं किती, तेवढं सांगा. बाकी पुराण नको," धर्मराजशेठ म्हणाले.

गजानन त्यांच्या जालन्याच्या कापूस-पेढीवर मुनीम होता. पेढीच्या गाठी मुंबईच्या दलालामार्फत इंग्लंडात लिव्हरपूलला आणि जर्मनीत ब्रेमेनला उधारीवर जात. पैसे बुडालेच तर भरपाई मिळावी म्हणून त्या उधारीचा विमा उतरवलेला असे.

"सात-आठ सालांमागं विलायतेची उधारी जर्मनीच्या दुप्पट होती, शेठ. आता बराबर उलटं झालंय. विलायतेचा विमा पुरा हाये. जर्मनीचा मात्र कंपनी दर साली कमी करून राह्यली. आता रुपयाला चार आणे उरलाय."

"जर्मनीनं कधी बुडवलं का?"

"बिलकुल न्हाई. उलट विलायतवालेच रखडवतात."

"मंग? भाव बी जर्मनीचाच चांगला. सगळा माल ब्रेमेनला धाडा."

गजाननलाही ते पटले. एकोणचाळीस सालचा चैत्र होता तो. लढाईच्या वावड्या उठत आणि विरून जात.

तो बाहेर आला तर ओसरीवर दुर्गाबाई बसलेली. अंतरवालीची ही विधवा बाई. गावातल्या इतरांसारखाच तिनेही कापूस पेढीवर ठेवला होता. विकून पैसे आले की हिशेब व्हायचा. त्यातून तिला विहीर बांधून घ्यायची होती.

"मुनीमजी, माझा कापूस कुटं चालला?"

"जर्मनीला."

"तितं कोन हाये आपलं?"

गजाननला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. तो तसाच आत वळला.

"शेठ, पेढीचा माल ब्रेमेनला जाऊ द्या. पण लोकांनी ठेवलेला माल लिव्हरपूलला धाडू. तिथं विमा पुरा हाये."

"भाव कमी भेटंल. मंग शिव्या कोण खाईल?"

"मी खाईन."

"खा मंग," शेठ म्हणाले.

श्रावणात विलायतेचे पैसे आले आणि शिव्याही आल्या. गावच्या रखमाजीने दुसऱ्या पेढीवर कापूस घातला होता. ती पेढी जर्मनीच्या भावाने रोख पैसे आधीच देई, म्हणून त्याला भाव चढा मिळाला. दुर्गाबाईने भर ओसरीवर आवाज चढवला, "त्याचा बी कापूस, माझा बी कापूस! मधले तुमी खाल्ले, मुनीमजी!"

गजाननने मान खाली घातली. जर्मनीने काही बुडवले नव्हते. रात्री जेवताना तो बायकोला, उमाला म्हणाला, "उगाच भ्यालो मी. लोकांचं नुकसान केलं."

आणि श्रावण सरण्याआधीच लढाई पेटली. मुंबईहून तार आली, जर्मनीशी सगळा व्यवहार बंद. ब्रेमेनची उधारी तिकडेच अडकली. विम्याने जो थोडा भाग झाकला होता, तोही लढाईचे कारण सांगून कंपनीने नाकारला. धर्मराजशेठांनी आरडाओरडा केला नाही. दिवाळीपर्यंत त्यांनी देणी चुकवली, गोदाम विकले आणि पेढीला कुलूप घातले. किल्ली कनवटीला लावताना त्यांनी विचारले, "सगळाच माल विलायतेला धाडा म्हणला असता, तर ऐकलं असतं का मी?"

"न्हाई, शेठ."

"न्हाईच," शेठ म्हणाले आणि दोघेही थोडे हसले.

पुढे गजानन जालन्यातल्याच मस्तगड भागात मच्छिंद्रशेठांच्या किराणा दुकानात तागडीवर बसू लागला. एका बाजारच्या दिवशी दुर्गाबाई गूळ घ्यायला आली. तिने त्याला लगेच ओळखले.

"तुमीच ना ते कापसाचे मुनीम?"

"मीच. विहीर झाली का बांधून?"

"झाली की. पानी बी चांगलं लागलं." मग तागडीकडे बोट करून ती म्हणाली, "तेवढं पुन्हा तोला. तुमचा भरोसा न्हाई."

मच्छिंद्रशेठांना पेढीची सगळी हकीकत ठाऊक होती. ते गादीवरून बोलायला उठले. गजाननने हातानेच त्यांना थांबवले. गुळाचा खडा खाली उतरवला, मापही काढले, दोन्ही रिकामी पारडी एका पातळीत आलेली तिला दाखवली, आणि नव्याने तोलायला घेतले.