माझ्यावर काढलेला राग

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. एका कारागिराने जाड कातड्याला दुहेरी टाके घालून मला शिवले, पोटात चिंध्या ठासल्या. तेव्हापासून एका तळघरातल्या व्यायामशाळेत मी साखळीने टांगलेली आहे. मार खाणे हेच माझे काम.

एकदा एक बसचालक बाई आली. नवऱ्याने तिचा जबडा मोडला होता. लहान मुलीला घेऊन ती घराबाहेर पडली होती.

"ताई, ही बॅग म्हणजे तुमचा नवराच आहे असं समजा," व्यायाम शिकवणारे उस्ताद म्हणाले. "राग बाहेर काढा, मोकळ्या व्हाल."

ती माझ्यावर तुटून पडली. बुक्क्या, कोपर, लाथा! बोटांची साले निघाली, तिचे रक्त माझ्या अंगाला माखले. उस्ताद "शाब्बास!" म्हणत आणि ती धापा टाकत हसे. मला वाटे, मी हिला बरे करते आहे. पण महिने गेले तसे ठोसे वाढतच गेले. माझी शिवण उसवली, तरी तिची तहान भागेना.

एका दुपारी तिच्या मुलीने मागून तिचा सदरा ओढला. "आई, चल ना."

बाई गर्रकन वळली. ठोसा पोरीच्या तोंडावर बसला. पोर भिंतीवर आदळली, ओठ फाटला, दात फरशीवर पडला. आणि आईचा हात पुन्हा उगारला गेला.

"आई, मी बाबा नाहीये!"

उगारलेला हात हवेतच थांबला आणि न मारता खाली आला. तो हात मीच तयार केला होता, मित्रांनो.

उस्ताद फोन लावत पुटपुटले, "डॉक्टरांना पडली म्हणून सांगू?"

"नाही. मी मारलं म्हणून सांगा." ती मटकन खाली बसली. "मला राग नाही हो, भीती वाटते. अजून वाटते. कुणाला बोललेच नाही मी." ती हमसून हमसून रडली. पोरीने ओला टॉवेल स्वतःच ओठावर धरला, आईला जवळ येऊ दिले नाही.

ती परत मला मारायला आली नाही. मायलेकी समुपदेशक बाईंकडे जाऊ लागल्या, असे उस्ताद कुणाला तरी सांगत होते. दोन महिन्यांनी पोरीने आईला वेणी घालू दिली म्हणे.

मित्रांनो, व्यायामासाठी मला खुशाल मारा. पण तुमचे दुखणे माझ्यावर सोपवू नका, ते माणसाला सांगा. मला सगळे ऐकू येते, पण "मग पुढे काय झालं?" असे मला कधीच विचारता येत नाही.