पोरीचे घाव

आमची धाकटी बोलायला फटकळ आणि हाताची पक्की. आम्ही बापलेक एका संशोधन केंद्रासाठी हजारो वर्षांपूर्वीसारख्या कुऱ्हाडी घडवायचो. कथील मिसळायची युक्ती सापडण्याआधी माणसं सोमल, म्हणजे आर्सेनिक, मिसळलेलं तांबं वापरायची. ओतलं की ते मऊच असतं, पण थंड असताना ठोकत गेलं की पातं असं टणक होतं की लाकूड सपासप तोडावं. ठोकायचं काम तिचं. "बाबा, तुम्ही नुसती घाई करता," म्हणायची आणि मला ऐरणीवरून हुसकवायची.

शेवटची कुऱ्हाड तिनं पुरी केली आणि आठवड्याच्या आत तापानं गेली. सव्वीस वर्षांची होती. तेव्हापासून माझा कशातच जीव लागत नाही.

मग केंद्रातल्या बाईंचा फोन आला. "काका, कुऱ्हाड घेऊन या. किती टणक झालीये ते मोजू आणि लगेच परत देऊ."

बायको म्हणाली, "आकडा नीट विचारून या. माझ्या लेकीच्या हातात किती जोर होता, ते मला कळू दे."

निघताना कुऱ्हाड हातातून सटकली, फरशीवर पडली आणि धार टोकाशी जराशी वाकली. अशी कशी नेणार? सरळ करायला म्हणून मी ती भट्टीत लाल केली आणि पाण्यात बुडवली. चाळीस वर्षं हेच करतोय. टणक तांबं वाकवायचं तर आधी तापवायचं, नाहीतर तडकतं. पाण्यात चुर्र झालं आणि मग मला आठवलं. तापवलं की ठोकून आलेला टणकपणा सगळा जातो. पोरीला हे मीच शिकवलं होतं.

तरी तशीच केंद्रात नेली. बाईंनी यंत्राची सुई पात्यात तीनदा टोचून पाहिली. "काका, ही ठोकायची राहिली का?"

ती गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, त्या टेबलाशी रडलो. सगळं सांगितलं. माझ्यासारखा गाढव शोधून सापडायचा नाही, हेही सांगितलं.

बाई हळूच म्हणाल्या, "पुन्हा ठोका ना. होईल पहिल्यासारखी."

होईल की. पण ते घाव माझे असतील.

बायको दारातच उभी होती. "किती आला?"

"आजवरच्या सगळ्यांत जास्त," मी म्हणालो.

तिनं कुऱ्हाड दोन्ही हातांत घेतली, धारेवरून अंगठा फिरवला.

"बघा," ती म्हणाली, "मी म्हणत नव्हते?"