भुंग्याच्या पंजांचा ब्रश

केरबाची लेक पूजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली, ते साल दोन हजार तेवीस. वारणेकाठच्या त्याच्या वस्तीला चहूबाजूंनी ऊस. बारशाच्या दुसऱ्याच दिवशी विहिरीजवळच्या चिखलात केरबाला ठसा दिसला. तळहाताएवढा, नखं न उमटलेला. म्हणजे कुत्र्याचा नव्हे, बिबट्याचा.

घरात तेरा दिवसांचं लेकरू. चाहूल देणारा एकटा भुंग्या कुत्रा, आणि तो लंगडा होऊन पडलेला. शेजारच्या बाळासोनं तोडलेल्या उसाच्या फडातलं वाळलं पाचट पेटवलं होतं. सशामागं भुंग्या त्यात घुसला आणि चारी पंजे भाजून घेऊन आला.

"बोटांच्या बेचक्यातली राख मऊ ब्रशनं काढायची, रोज," जनावरांच्या डॉक्टरनं बजावलं. "राहिली तर पू धरेल."

केरबाला जन्मात एकच ब्रश ठाऊक, बैलाचा खरारा. बैल विकून सहा वर्षं झाली, खरारा खुंटीला होताच. त्यानं तो हलकेच लावला, तर भुंग्यानं अशी किंकाळी फोडली की कोंबड्या खुराड्यात धडपडल्या. दुसऱ्या सकाळी ठसा थेट शेरडांच्या गोठ्याच्या दारात.

"केरबानाना, कुत्रं विव्हळलं की बिबट्याला जेवायचं आवतान जातंय," बाळासो म्हणाला. "द्या सोडून लांब."

"आन् राखणीला तू येतोस व्हय रं?"

"मी? मी दिवस मावळल्यावर परसाकडंला बी जात न्हाई!"

केरबाला हसू आलं नाही. कुत्र्याला न ओरडवता त्याचे पाय धुवायचे होते, एवढंच. इस्लामपुरातनं कुत्र्याचा ब्रश आणला, त्याला तारेचे दात. फौजेतल्या पोराचा, विश्वजीतचा, बुटांचा ब्रश काढला. कपड्यांचा काढला. उंबऱ्यावर बसून डोळे मिटायचे आणि एकेक ब्रश पापणीवर फिरवायचा. पापणीला टोचलं ते पंजाला टोचणारच.

"आवं, डोळं फोडून घेताय का?" चंद्राबाई, त्याची बायको, ओरडली.

एकही टोचल्याशिवाय राहिला नाही. मग पूजानं बाळाच्या डब्यातला ब्रश पुढं केला. तिची नणंद रेश्मा हिनं तो बारशाला आणलेला. पापणीवरून फिरला तरी कळेना.

"लेकराचा बुरूस कुत्र्याला?" चंद्राबाईनं कपाळाला हात लावला.

"हिच्या टाळूला केस कुठं हायत, आई? हिला राखतोय त्यालाच लागू दे."

रोज दिवेलागणीच्या आधी केरबा कोमट मिठाच्या पाण्याची परात घेऊन अंगणात बसे. एक हात भुंग्याच्या तोंडावर, दुसऱ्यात ब्रश, डोळे मात्र उसाकडे. पातं सळसळलं तरी हातातला ब्रश थांबे. "गप रं, गप," तो पुटपुटे. हळूहळू भुंग्याला कळलं. तोंडावर हात नसला तरी नुसत्या शब्दावर तो श्वासही हळू घेई. महिन्यानं पंजांना गुलाबी कातडी धरली. तरी केरबानं परात सोडली नाही. पू धरेल, कुत्रं विव्हळेल, बिबट्या येईल, हीच भीती.

भोगीच्या दिवशी पूजा बाळाला घेऊन पडवीत बसली होती. भुंग्याचे तीन पंजे धुऊन झाले होते. चौथा हातात होता, तेवढ्यात भुंग्या गुरगुरला, ताडकन उठला आणि उसाकडे तोंड करून भुंकायला लागला. बाळ दचकून रडलं.

"गप रं, गप!" केरबाच्या तोंडून निघून गेलं.

भुंग्या गप झाला. कान पाडून खाली बसला आणि राहिलेला पंजा त्यानं पुढं केला.

केरबानं वर बघितलं. वारा नव्हता, पण उसाची एक ओळ हलत होती. "पूजा, आत!" तो लेकीला ढकलतच घरात शिरला आणि कडी घातली. तेव्हा ध्यानात आलं, भुंग्या बाहेरच आहे. त्यानं दाराला कान लावला. भुंकणं नाही, विव्हळणं नाही, काही नाही.

पूजानं फोन केल्यावर बाळासो आणि चार माणसं बॅटऱ्या, काठ्या घेऊन आली, तेव्हा दार उघडलं. शेरडं सगळी जागेवर होती. परात उपडी होती. ब्रश ओल्या मातीत पडला होता आणि तिथून उसापर्यंत फरफटल्याची रेघ गेली होती.

"वरडला कसा न्हाई?" बाळासोनं विचारलं.

केरबानं वाकून ब्रश उचलला आणि त्याची माती पुसली.

भुंग्याला बिबट्यानं मारलं. दोन हजार चोवीस साली, भोगीच्या दिवशी, दिवेलागणीला तो मेला.