ट्यूबमधली समुद्राची हवा

मी एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो. सायकलची नव्हे, ट्रकची. आलापल्लीच्या जंगलातून सागाची लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकच्या मागच्या चाकात माझी उमेदीची वर्षं गेली. चाकाच्या आत असताना जग दिसत नाही, नुसतं टोचतं. दर वेळी बल्लारपूरचे लटारूभाऊ मला बाहेर काढत, पाण्याच्या घमेल्यात बुडवून भोक शोधत आणि ठिगळ लावत. पुढे ठिगळाला जागा उरली नाही, तेव्हा ट्रकमालकाने मला टाकलं. लटारूभाऊंनी ठेवून घेतलं.

लटारूभाऊंचं पंक्चरचं दुकान. त्यांचा धाकटा भाऊ श्रावण वर्धा नदीत बुडाला, तेव्हापासून घमेल्याबाहेरचं पाणी त्यांना बघवत नसे. त्यांची मुलगी उत्पला १९८४ साली बी.ए. झाली. घराण्यातली ही पहिली पदवी. पदवीच्या आनंदात तिच्या वर्गाने मद्रासजवळच्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात सहल ठरवली. त्यांच्या कॉलेजातल्या गुणवंतराव सरांचा जुना विद्यार्थी तिथे मॅनेजर होता. एकदा वर्गणी भरली की राहणं, जेवण, नाश्ता, शहाळी, सगळं त्यातच. यावर कुणाच्याच घरी विश्वास बसला नाही, म्हणून प्रत्येक आईने चिवड्याचा डबा दिला तो दिलाच.

लटारूभाऊ आधी नाहीच म्हणाले. मग एका दुपारी त्यांनी मला खुंटीवरून उतरवलं, घासलं, हवा भरून घमेल्यात फिरवून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. हवा सोडून त्यांनी माझी घडी केली आणि लेकीच्या हातात दिली.

"पाण्यात उतरशीन तं हे ट्यूब घेऊनच उतरजो," ते म्हणाले. "नाईतं काठावर बसजो."

उत्पलाने शब्द दिला. पंप मात्र तिने मुद्दाम दुकानातच ठेवला. काळी, ठिगळांची ट्यूब मिरवत समुद्रावर जायची तिला लाज वाटत होती, हे मला तेव्हाच कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

हॉटेलात मी तिच्या पलंगाखाली पडून राहिले. बाहेर लाटांचा आवाज, पोरापोरींचा कल्ला. उत्पला मात्र घडीघडी खोलीत येऊन बसायची. डोकं दुखतं म्हणायची. पण वडिलांना दिलेला शब्द तिने मोडला नाही. एवढ्या लांब येऊनही तिने पायाचा अंगठासुद्धा समुद्रात भिजवला नव्हता.

शेवटच्या सकाळी तिची मैत्रीण नूरी खोलीत आली. "काऊन वं, आजबी नाई येत? पुन्हा कधी येशीन इथी?"

उत्पला वाकली आणि तिने मला बाहेर ओढलं. तिने नूरीला सगळं सांगितलं, श्रावणकाकांचंसुद्धा. नूरी हसली नाही. तीच हॉटेलच्या जीपवाल्याकडून पंप मागून घेऊन आली.

वाळूवर मला पाहून वर्ग हसला. उत्पलाचे कान लाल झाले, पण तिने पंप मारणं थांबवलं नाही. दमली तेव्हा नूरीने मारला, मग वर्गातल्या खुशालने, मग जो तो पुढे येऊ लागला. मी फुगत गेले. आणि मित्रांनो, उत्पला मला धरून पाण्यात उतरली. लाटेने आम्हा दोघींना उचललं. ती मोठ्याने हसत होती आणि रडतही होती. तिला धरून ठेवायचं, एवढंच मला ठाऊक होतं. जन्मभर ओझी वाहिली, पण असं ओझं पुन्हा मिळालं नाही.

परतताना गाडीत माझी सगळ्यांना अडचण झाली. हवा सोड, असं खुशालने दोनदा सांगितलं.

"नाई," उत्पला म्हणाली. "हे हवा बाबासाठी हाय. त्यायनं समुद्र नाई पायला."

मग बल्लारपूरपर्यंत पाळीपाळीने मला मांडीवर घेऊन बसले सगळे.

लटारूभाऊंनी आधी लेकीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग मला. माझ्यात काय भरून आणलंय ते तिने सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाशी गाल नेला आणि पिन दाबली. फुस्स करून थोडी हवा त्यांच्या गालावर गेली. त्यांनी डोळे मिटले. एवढी थंड लागते का, असं विचारलं. उत्पलाने मान हलवली.

"बाकीची राहू दे," म्हणून त्यांनी झाकण घट्ट लावलं.

आज वर्ष झालं, मी दुकानात खुंटीला आहे. उत्पला हेमलकशाकडे एका शाळेत शिकवते. दिवसभर इतरांच्या ट्यूबमध्ये हवा भरणारे लटारूभाऊ मला कधी पंप लावत नाहीत. माझी हवा हळूहळू जाते आहे, हे त्यांनाही दिसतं. ते फक्त येता-जाता मला हाताने दाबून पाहतात.

मित्रांनो, घरच्यांनी काही ओझं सोबत दिलं, तर ते पलंगाखाली ढकलू नका. त्यात कुणाची तरी भीती घडी करून ठेवलेली असते. ती उलगडा, आणि घरी परत जाताना तिच्यात थोडा समुद्र भरून न्या.