सुट्टीचा थाळा

माझा नवरा कारागीर म्हणून वाईट नाही, पण घाई त्याच्या पाचवीला पुजलेली.

सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि उजव्या हाताबरोबर माणसांची ओळखही गेली. घास मी भरवायचे, आणि मी कोण हेही मीच सांगायचे. शिल्लक राहिला तो थाळा. त्यांनीच ठोकून घडवलेला, पितळेचा, आमच्या पितळी भांड्यांच्या कारखान्याच्या दारात टांगलेला. काम संपलं की ते तो वाजवून सुट्टी करायचे. आता संध्याकाळी मी तो त्यांच्या खोलीत आणून वाजवायचे. आवाज विरेपर्यंत ते आम्हाला ओळखायचे. "सूनबाई, दमलीस गं," असं एकदा म्हणालेसुद्धा. तेवढ्यावर मी दिवस ढकलत होते.

मग काठाला बारीक चीर गेली आणि थाळा चिरकू लागला.

"मी जोडतो. किरकोळ काम आहे," नवरा म्हणाला.

"अहो, आधी कुणाला तरी विचारा."

"कुणाला? बाबांना?"

मी थाळा त्याच्या हाती दिला.

चीर त्याने छान जोडली. पुढे नडली ती जन्माची सवय. ठोकून ठोकून पितळ ताठरलं की ते भट्टीत तापवायचं; मऊ पडतं, पुढचे घाव सोसतं, चिरत नाही. पुन्हा चीर नको म्हणून या शहाण्याने अख्खा थाळा लाल केला. सासऱ्यांनी शेवटचे घाव मुद्दाम गार पितळावर घातले होते. त्या ताठरपणातच आवाज होता. आता वाजवला तर नुसतं धप्प!

"अक्कल काय गहाण टाकली होती?" मी ओरडले. "ठोका परत!"

तो ठोकत बसला. पितळ ताठ झालं, घुमूही लागलं, पण भलत्याच सुरात. आणखी ठोकावं तर पत्रा पातळ होत चाललेला. कुठे किती घाव, हे ज्याला माहीत होतं तो माणूस पलंगावर छताकडे बघत पडला होता. शेवटी नवऱ्याने हातोडा खाली ठेवला आणि तो ढसाढसा रडला. मला त्याची दया आली नाही. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी थाळा घेऊन मी खोलीत गेले. एक टोला दिला. सासऱ्यांनी मान वळवली, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बाई," ते अजिजीने म्हणाले, "तेवढा थाळा वाजवा ना. सुट्टी करायची आहे."

थाळा अजून माझ्या हातात घुमत होता.