डाव्या कोपऱ्याचं राहिलंय

मी बोलतोय. जरा खाली वाकून बघा. गाडीच्या दिव्यांखाली, नंबराच्या पाटीमागे जो आडवा काळा पट्टा दिसतोय ना, तो मी. काळा म्हणालो ते आपलं सवयीनं. लोक मला बंपर म्हणतात. मार खाणं हेच माझं काम, आणि ते इतकी वर्षं केलंय की आता कुणी हळूच टेकलं तरी वैताग येतो.

कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा मी काळाभोर होतो. गाडीच्या पत्र्यावर लाल रंगाचे थर चढले, त्यावर चकाकी आली. मला मात्र कुणी ब्रशही लावला नाही. "हा आतून-बाहेरून काळाच आहे, याला काय करायचंय," असं म्हणत एकानं स्क्रू पिळून मला बसवून टाकलं. त्या वेळी मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! ऊन काय चीज असते ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

माझा मालक पहिल्यापासून एकच. एका दवाखान्यातल्या पेशंटांना घरून आणायचं आणि घरी सोडायचं, हे त्याचं काम. इस्त्रीचा शर्ट, कातरलेली मिशी, केसांना कलप. बाकीचे ड्रायव्हर त्याला नवरदेव म्हणून चिडवायचे. त्याला ते मनातून आवडायचं.

दर रविवारी तो गाडीला पांढरं पॉलिश लावायचा. हात सढळ, त्यामुळे फडकं माझ्यावरूनही फिरायचं. पत्र्यावरचं पॉलिश पुसलं जायचं, पण माझ्या खरबरीत अंगात ते वाळून बसायचं. मी पांढरट दिसलो की तो म्हणायचा, "ऊन फार झालंय," आणि आणखी पॉलिश चोपडायचा. आता याला काय म्हणायचं?

पुढे उन्हानंही हात धुऊन घेतले. मी पार राखेच्या रंगाचा झालो. मालकानं स्वयंपाकघरातलं तेल आणून मला चोळलं. एक दिवस मी चमकलो आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची सगळी धूळ अंगाला चिकटवून घरी आलो. मग त्यानं बुटाचं पॉलिश लावलं. पहिल्याच पावसात ते ओघळलं आणि नंबराची पाटी काळी झाली. त्याची बायको पाटी पुसता पुसता म्हणाली, "अहो, बुटाचं बुटालाच लावा."

त्याचाही इलाज नव्हता. दवाखान्याचा माणूस वर्षातून एकदा गाड्या तपासायचा. गाडी जुनाट दिसली की बाद, आणि गाडीबरोबर ड्रायव्हरही बाद. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार, ही धास्ती त्यानं घेतली होती. 

मला मात्र वेगळीच काळजी लागली होती. अंगणाच्या गेटचा खांब मला वरचेवर भेटायला लागला होता. एकदा धडकल्यावर मालकानं उतरून बायकोला विचारलं, "हा खांब पुढे आलाय का गं?" संध्याकाळच्या फेऱ्या त्यानं बंद केल्या. गर्दी फार असते, म्हणायचा. पुढची काच पुसत बसायचा. काच स्वच्छच असायची. हे सगळं मला कळत होतं, पण मला कोण विचारतो?

यंदा तपासणीच्या आदल्या दिवशी तो कुठूनसं गरम हवेचं यंत्र मागून घेऊन आला. त्या हवेनं जुनं प्लास्टिक शेकलं की आतला तेलकटपणा वर येतो आणि काळेपणा परततो, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारा खोटं बोलला नव्हता. सकाळी अंगणात सावली होती, उजेड लख्ख होता. तो गुडघ्यांवर बसून मला शेकत होता आणि माझी कातडी आवळत, काळी होत चालली होती. त्रास झाला, पण त्याच्यासाठी सोसला.

"झालं बघ. नव्यासारखा."

बायको चहाचे कप घेऊन आली होती. ती म्हणाली, "डाव्या कोपऱ्याचं राहिलंय."

"कुठे?"

"अहो, तुमच्या समोर. चांगलं वीतभर पांढरं आहे."

तो सरळ माझ्याकडे बघत होता. आणखी वाकला. डोळे चोळले. "सावलीमुळे दिसत नसेल," म्हणाला.

तिनं कप पायरीवर ठेवले, त्याचा हात धरला आणि माझ्यावरून फिरवला. शेकलेला भाग अजून कोमट होता. डावा कोपरा गार होता. हात तिथे थांबला.

 मग त्यानं विचारलं, "तुला कधीपासून कळलंय?"

"खांब पुढे आला तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही खांब पाडला असता."

तो हसला नाही. तिच्या हातात यंत्र देता आलं असतं. तेवढा कोपरा तिनं चहा निवायच्या आत काळा केला असता आणि गोष्ट तिथेच मिटली असती. त्यानं यंत्राची वायर काढली, गुंडाळली आणि दवाखान्यात फोन लावला. "गाडी उद्या तपासणीला येईल," तो म्हणाला. "चालवणारा मात्र बदलावा लागेल. मला नीट दिसत नाही." आजवर पुष्कळ धक्के खाल्ले, पण एवढा कुठला लागला नव्हता.

गाडी पास झाली. तपासणाऱ्यानं माझ्याकडे धड पाहिलंही नाही.

आता मालकाची पुतणी गाडी चालवते. हात चांगला आहे तिचा, खांबाची न् माझी भेट नाही. पण ते यंत्र आणून उरलेला कोपराही काळा करावा, असं तिच्या मनात आहे. बाई गं, नको. दर वेळी शेकल्यावर आतलं थोडं वर येतं आणि तेवढं कायमचं संपतं. मी थकलोय. मार खायला अजून उभा आहे, तेवढ्यावर भागव.

परवा मालक मागच्या सीटवर बसून दवाखान्यात आला, डोळे दाखवायला. पुढच्या सीटवर नेहमीच्या एक पेशंट आजी होत्या. उतरताना त्यांनी विचारलं, "हल्ली तुम्ही चालवत नाही?"

"नाही," तो त्यांना आधार देत म्हणाला. "तुम्हाला घरी नीट पोचवायचं होतं."