वाकड्या पानांची बातमी

तिला घरात भिंगरी म्हणायचे, आणि तिने ते नाव कधी खोटं पाडलं नाही. माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. माती चाळताना तिचा एक पाय हलत असायचा, अहवाल टाइप करताना दुसरा.

शेती-संवादाचा ऑनलाइन अभ्यासक्रम तिने घेतला तो एका शब्दाला भुलून: सवडीने. सवडीने ऐका, सवडीने लिहा. झालं उलटंच. ठरलेली वेळच नसल्यामुळे अभ्यास कुठल्याच वेळी संपेना. भांडी घासताना कानात व्याख्यान, बसमध्ये व्याख्यान, चाळणीसमोर व्याख्यान. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि ही गृहपाठाची वाक्यं मनात घोळवत बसायची.

"एक तर जेव, नाहीतर शीक," बाबा म्हणायचे.

बाबा रेडिओचे निवृत्त निवेदक. शेतकऱ्यांसाठीचा सकाळचा कार्यक्रम त्यांनी अख्खी नोकरीभर सादर केला होता. रस्त्यात लोक अजून त्यांना 'आवाज' म्हणूनच ओळखत. "शेतकऱ्यांशी बोलायचं कसं, हे आता कॉम्प्युटर शिकवणार?" असं ते दर दोन दिवसांनी विचारत. भिंगरी ते एका कानाने ऐके. दुसऱ्या कानात व्याख्यान चालूच असे.

घोडं अडलं शेवटच्या गृहपाठावर. शेतकऱ्यांच्या उपयोगाची एक सूचना त्यांच्यापर्यंत पोचवा आणि ती पोचली हे दाखवून द्या. भिंगरीने मातीच्या आम्लतेवर बोलून ध्वनिमुद्रण पाठवलं. शिकवणाऱ्या मॅडम ते ऐकून स्क्रीनवरून म्हणाल्या:

"माहिती बरोबर आहे. उच्चार स्वच्छ आहेत. पण तुम्ही हे सांगताय कोणाला?"

"शेतकऱ्यांना."

"कुठल्या?"

भिंगरी वहीची पानं उलटू लागली.

"पुन्हा करा," मॅडम म्हणाल्या. "ऐकणाऱ्याने तेच तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगितलं की झालं. घाई नाही, केव्हाही पाठवा."

केव्हाही! त्या एका शब्दाने तिच्या जिवाची उरलीसुरली शांतता गेली.

त्याच सुमारास प्रयोगशाळेत मातीच्या नमुन्यांबरोबर वाकडी पानं येऊ लागली. टोमॅटोची, घेवड्याची, कडा आत वळलेल्या, शेंडे पिळवटलेले. लोक म्हणत रोग आहे, आणि फवारणीवर फवारणी मारत. मातीत तर काही दोष दिसेना. भिंगरीने चौकशी केली तेव्हा कळलं की सगळ्यांनी खत एकाच ठिकाणाहून, नगरपालिकेच्या खत-डेपोतून, नेलंय. तिने एका कुंडीत ते खत घालून घेवडा पेरला, दुसरीत साधी माती. खिडकीत कुंड्या ठेवून ती दिवसातून इतक्या वेळा डोकावे की प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "अहो, बघून बघून उगवणार आहे का तो?"

उगवला. साध्या मातीतला सरळ, खताच्या कुंडीतला वाकडातिकडा. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेनेही सांगितलं: खतात तणनाशक उतरलंय. कुरणात फवारलेलं औषध जनावरांच्या पोटात गेलं, शेणातून डेपोत आलं आणि कुजूनही तसंच राहिलं.

सरांनी लगोलग नोटीस काढली: 'सदर खतामध्ये तणनाशक-अवशेष आढळून आल्याने संवेदनशील द्विदल वनस्पतींकरिता वापर टाळण्यात यावा.' ती डेपोच्या फाटकावर लागली. तिच्या समोरून गाड्या भरून जात राहिल्या.

"सर, कोणी वाचत नाहीये."

"आपण लावली ना? डेपो नगरपालिकेचा आहे. विक्री थांबवायला मी वर लिहिलंय. उत्तर येईपर्यंत आपले हात बांधलेले."

भिंगरीला घरी चैन पडेना. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. शेवटी बाबाच म्हणाले, "आण इकडे. मी वाचतो."

त्यांनी घसा खाकरला आणि ती नोटीस अशी वाचली, की भिंगरीच्या अंगावर काटा आला. ध्वनिमुद्रण फोनवरून सगळीकडे फिरलं. संध्याकाळपर्यंत कौतुकाचा नुसता पाऊस. वा, काय आवाज! जुने दिवस आठवले! बाबांची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला निघाले, तर कोपऱ्यावर एकाने स्कूटर थांबवून त्यांचे हात हातात घेतले. स्कूटरवर डेपोतल्या खताची गोणी होती.

बाबा तसेच परत आले आणि चपला न काढता खुर्चीत बसले. "ऐकलं सगळ्यांनी," ते म्हणाले. "कळलं कोणालाच नाही."

भिंगरीला बसवेना. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, खिडकीतल्या दोन्ही कुंड्या ट्रेमध्ये घेतल्या आणि डेपो गाठला.

फाटकात एक भाजीवाल्या मावशी टेम्पोत गोण्या चढवून घेत होत्या. मळाही त्यांचा, विक्रीही त्यांचीच. भिंगरीने सुरुवात केली, "सदर खतामध्ये..."

"ताई, काय ते सरळ बोला, नाहीतर बाजूला व्हा. मागे गाडी थांबलीये."

भिंगरीने ते वाक्य तिथेच सोडलं. मग तिने मावशींकडेच नीट पाहिलं. हात कोपरापर्यंत मातीने माखलेले, नजर मागच्या गाडीवर.

"मावशी, तुम्ही लावलंय काय?"

"टोमॅटो. का?"

तिने ट्रे पुढे केला. "दोन्ही घेवडेच. ह्यात हे खत आहे, ह्यात नाही."

मावशींनी वाकडं पान बोटांत धरलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "माझ्या टोमॅटोची पानं अश्शीच झालीयेत! मी तर रोग समजून फवारत सुटले."

"रोग नाही. गवतावर मारलेलं औषध शेणातून आलंय. टोमॅटो, मिरची, घेवडा, ह्यांना बाधतं. मक्याला नाही. पसरलेलं असेल तर माती पुन्हा पुन्हा खालीवर करा, त्या तुकड्यात यंदा मका घ्या. आणि नवं खत आणलं की आधी असा कुंडीत घेवडा लावून बघा."

"थांबा. म्हणजे हे टोमॅटोला नको, मिरचीला नको. मक्याला चालेल. आणि आधी कुंडीत घेवडा."

"हो!"

मावशींनी टेम्पोवाल्याला गोण्या उतरवायला लावल्या आणि मागच्या गाडीवाल्याला असा आवाज दिला, की डेपोतला कारकून बाहेर आला. भिंगरी दुपारपर्यंत तिथेच उभी होती, म्हणजे फेऱ्या मारत होती. घरी निघताना लक्षात आलं की मावशींचं बोलणं फोनवर टिपायचं राहूनच गेलं. गृहपाठ पुन्हा शून्यावर.

पण दोन दिवसांनी तिच्याच फोनवर कुणाकडून तरी एक निरोप फिरत आला. आवाज मावशींचा. 'अगं बायांनो, डेपोच्या खतात गवत मारायचं औषध आहे! टोमॅटोला घालू नका, मिरचीला नको, मक्यालाही नको...'

"मक्याला चालतं!" भिंगरी ओरडली आणि चहा तसाच टाकून मावशींच्या मळ्याकडे पळाली. मावशी खळखळून हसल्या, सुधारलेला निरोप पुन्हा बोलल्या. तोही फिरला. भिंगरीने ते दोन्ही निरोप मॅडमना पाठवले, चुकीचासुद्धा. मॅडमचं उत्तर आलं: 'पोचलं.'

नगरपालिकेने विक्री थांबवली, पण बऱ्याच उशिरा. मावशींचे टोमॅटो गेले ते गेलेच. विनापरवानगी डेपोत जाऊन बोलल्याबद्दल सरांनी भिंगरीला फैलावर घेतलं, आणि मग दर आठवड्याला बाजारात प्रयोगशाळेचं टेबल लावायचं काम तिच्याच गळ्यात मारलं.

पहिल्या बाजाराला बाबा सोबत आले. जाताना बसमध्ये त्यांनी विचारलं, "त्या मावशींना कळलं, हे तुला कधी समजलं?"

"पान हातात धरलं तेव्हा. चेहऱ्यावरच दिसलं."

बाबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मला कधी दिसलंच नाही गं. स्टुडिओच्या काचेपलीकडे एक तंत्रज्ञ असायचा, तो पेंगत असायचा."

टेबलापाशी एका माणसाने त्यांना ओळखलं. "आवाज ना तुम्ही? बोला की काहीतरी!"

बाबांनी घसा खाकरला. पण मग ते थांबले, टेबलामागून बाहेर आले आणि त्या माणसाशेजारी जाऊन उभे राहिले.

"आधी तुम्ही बोला," ते म्हणाले. "शेताला पाणी कुठलं घेता?"

माणूस बोलू लागला. तो बराच वेळ बोलत होता.